पेटीतले लंगोट

माझ्या मोठ्या बहिणीचं, सुमनताईचं, पहिलं मूल आमच्या वडनेरच्या घरी जन्मलं आणि बारसं व्हायच्या आधीच गेलं, हे मी आत्ताच सांगून टाकते. वाचणाऱ्याला टांगून ठेवायची मला हौस नाही. शिवाय मूल गेलं तिथं ही गोष्ट संपतही नाही. मूल जाणं त्या काळात गावात नवलाचं नव्हतं, चार दिवस रडून लोक पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, डवरणीला लागत. आमच्या घरात त्यानंतर जे झालं ते मात्र कोणाच्या घरात होऊ नये. माझी मुलं म्हणतात, आई, आता कशाला ते उकरतेस? मी म्हणते, मेले की कोण उकरणार आहे, तुम्ही?

आमचं घर हमरस्त्यापासून आत, कौलारू, पुढं सपरी म्हणजे पडवी, मागं न्हाणी आणि तिच्यापलीकडे विहीर. सकाळी पहिला आवाज हिंगणघाटच्या एसटीच्या भोंग्याचा, दुसरा मायचा. माय मोठ्यानं बोलायची. भांडण नसतानाही भांडल्यासारखं. तिचं सगळं जागच्या जागी लागायचं, चिमटा चुलीच्या डाव्या हाताला म्हणजे डाव्याच. बाबा उलटे. माणूस बोलतो की नाही अशी नव्या माणसाला शंका यावी. जेवायला बसले की भाकर कुस्करून त्यात वरण ओतायचे आणि मान खाली घालून शेवटच्या घासापर्यंत वर पाहायचे नाहीत. माय समोर बसून वाढायची आणि गावातलं सगळं त्यांना ऐकवायची. ते ऐकताहेत की नाही याची तिला फिकीर नव्हती. पण हळद जरा कमी पडली की ती न विचारताच सांगायची, "आज हळद सरली, उद्या आनजा." ते आणायचे. त्यांचा संसार तसा चांगला होता. हे मुद्दाम लिहिते आहे.

सुमनताईचं लग्न अल्लीपूरला झालं. लग्न झालं त्या वर्षापासून मायची नजर घरातल्या जुनेरावर बसली. आमच्याकडे बाळाला कोरं कापड लावत नाहीत. कोरं कापड टोचतं, आणि बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी दुकानातून काही आणणं बरं नाही असं समजतात. बाळाचं पहिलं कापड घरच्या मोठ्या माणसांच्या अंगावरचं, धुवून धुवून सायीसारखं झालेलं. म्हणून बाबांचं धोतर मधोमध विरलं की माय ते काढून घ्यायची. तिचं नऊवारी लुगडं गुडघ्याजवळ फाटलं की पदराकडचा चांगला भाग उसवून घ्यायची. सोड्याच्या पाण्यात उकळायचं, वैशाखाच्या उन्हात तारेवर टाकायचं, मग कातरीनं चौकोन आणि तिकोन कापून कडा हातानं दुमडून शिवायच्या. तिकोनी ते लंगोट, चौकोनी ती दुपटी. दुपारभर सपरीत बसून ती शिवायची आणि मला सुईत दोरा ओवायला लावायची. काम झालं की सगळं लोखंडी पेटीत. आणि कसर लागू नये म्हणून घडीघडीत डांबरगोळी. हिंगणघाटच्या बाजारातून ती पुडीच्या पुडी आणायची, पांढऱ्याशुभ्र, खडीसाखरेच्या मोठ्या खड्यांसारख्या. पेटी उघडली की वास भस्सकन अंगावर यायचा. मला तो वास भारी आवडायचा. आमच्या घरात नीटनेटकेपणाचा, ठेवणीच्या गोष्टींचा तोच वास होता.

पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजानं सुमनताई आषाढातच आली. श्रावणात मुलगा झाला. घरीच, सुईणीच्या हातानं. रडला तो असा, की शेजारची म्हैस दचकली म्हणतात. गोरा, डोक्यावर दाट जावळ, मुठी आवळलेल्या. सुईण म्हणाली, "सुमन, पोरगं नाई वं, पैलवान हाय." माय हसली नाही, दृष्ट लागेल म्हणून. पण न्हाणीत जाऊन हसली, मी पाहिलं.

बाळंतिणीच्या खोलीचं काय सांगू. खिडकीत जुनी पोती कोंबलेली, वारा लागू नये म्हणून. बाजेखाली शेगडी, तिच्यात ओवा आणि बाळंतशोपा टाकून धुरी. बाहेर पावसाची झड लागलेली, थांबायचं नाव नाही. लंगोट धुवायचं काम माझ्याकडे. मी तेव्हा सातवीत असेन. झड म्हणून शाळेला दांडी, आणि दांडीबद्दल कोणी बोलत नव्हतं कारण घरात कामाला हात हवे होते. विहिरीवर वाकून आधी नुसत्या पाण्यात खळबळायचे, मग साबण, मग दगडावर आपटायचे नाहीत, हातानं चोळायचे. दगडावर आपटलं तर बाळाचं पोट दुखतं म्हणे. धुतलेले लंगोट वाळायचेच नाहीत. सपरीत दोरीवर ओळीनं लटकलेले, दोन दोन दिवस दमट, कुबट वास मारत. म्हणून माय पेटीतून नवे काढत राहिली. पेटीतलं कापड कोरडं होतं ना. काढायची, शेगडीवर धरून चांगलं गरम करायची आणि गरमच बाळाला गुंडाळायची. बंद खोली, शेगडीची ऊब आणि त्या कापडाचा वास. माय म्हणायची, "माह्या नातवाले वल्ला चिंधा नाई लागू देनार मी." एवढं कापड साठवलं ते याच दिवसांसाठी, असा तिला मोठा अभिमान होता. झडीच्या दिवसांत बाकी बायका नवऱ्याचे सदरे फाडत होत्या, आमच्याकडे पेटी भरलेली होती.

माझी सून इथं बोरगाव मेघेला बसून फोनवरून लंगोट मागवते. बटनांचे, आत स्पंजासारखी घडी घालायची सोय, वरून हत्तीघोडे छापलेले. धुवून पुन्हा वापरायचे म्हणून तिला वाटतं काहीतरी नवीन निघालं आहे. "आई, प्लास्टिकनं पुरळ येतं, आम्ही कापडाचेच वापरतो," असं ती मला समजावते. मी म्हणते, बरं बाई. ती पाकीट फोडते की मी ते उचलून गरम पाण्यात टाकते. ती म्हणते, नवे आहेत आई, कशाला? मी म्हणते, धुवू दे. एकदा ती चिडणारच होती, पण माझा चेहरा पाहून ती गप्प बसली.

पाचवीची पूजा झाली आणि बाळ पिवळं दिसायला लागलं. सुईण म्हणाली, होते तसं, कोवळं ऊन दाखवा. ऊन होतं कुठं? माय दारात चिमणी धरून त्याचे डोळे पाहायची. मला मात्र दुसरंच दिसत होतं. त्याच्या मुताचा डाग निघेना. आधी पाण्यासारखं असायचं, लंगोट ओला आहे हे हात लावूनच कळायचं. आता पांढऱ्या धोतरावर काळ्या चहासारखा डाग पडत होता. मी मायला नेऊन दाखवला. "ताई मेथीचे लाडू खाते, खसखस खाते, दुधातून उतरलं असन," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी डाग आणखी काळा. बाळ पिईना. चोखायचं, थांबायचं, झोपायचं. माय म्हणाली, झोपाळू आहे, बापावर गेलं. संध्याकाळी ते रडलं आणि ते रडणं ऐकून बाबा सपरीतून उठून आत आले. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं यायचं नसतं, पण ते आले. ते रडणं माणसाच्या पोराचं वाटत नव्हतं. बारीक, चिरका, एकाच सुरातला आवाज, आणि बाळानं पाठ धनुष्यासारखी मागं वाकवली होती. बाबांनी नुसतं पाहिलं आणि जीप विचारायला गेले.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. बाबा, सुमनताई आणि मी. मला नेलं ते लंगोट धुवायला. म्हैस दोहायची होती, धाकटा भाऊ लहान, म्हणून माय मागं राहिली आणि जाताना माझ्या हातात पेटीतल्या कोरड्या कपड्यांचं गाठोडं दिलं. दवाखान्यात ताईलाच ताप भरला, तिला बायकांच्या वॉर्डात निजवलं. बाळाला दुसरीकडे काचेच्या खोलीत. त्याचं रक्त बदलायचं म्हणाले. बाबांचं रक्त घेतलं. रक्त कसं बदलतात ते मला कळेना, आणि बाबांना विचारायची सोय नव्हती.

सकाळी एक डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. उंच, चष्मा, थकलेल्या. बाबा व्हरांड्यात उभे, मी गाठोडं मांडीवर घेऊन खाली बसलेली. त्या काही सांगत होत्या आणि मधेच थांबल्या. खाली वाकून त्यांनी माझ्या गाठोड्यातलं एक दुपटं उचललं आणि नाकाला लावलं.

"हा वास कसला?"

"डांबरगोळ्यांचा जी," बाबा म्हणाले. "पेटीतला कपडा हाय. माह्या बायकोनं ठेवला होता नातवासाठी."

"हेच गुंडाळत होता? न धुता?"

"धुवूनच ठेवले होते. पानी पडून राह्यलं तं, काढले अन् शेकून घातले."

त्यांनी दुपटं घडी करून गाठोड्यावर ठेवलं. मग जे सांगितलं ते हळू, समजावून सांगितलं. काही मुलांच्या रक्ताला जन्मतःच हा वास सोसत नाही. अंगातलं रक्त आतल्या आत फुटतं, मूल पिवळं होतं, लघवी काळी होते, आणि पिवळं मेंदूत चढलं की हाताबाहेर जातं. कोणत्या मुलाचं रक्त तसं आहे ते वरून दिसत नाही. "आमच्याकडे अशी मुलं येतात," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माहीत असायचं काही कारण नव्हतं."

बाबांनी विचारलं, "परत धुवून, उन्हात टाकून घातले असते तं?"

"तर बहुधा ही वेळ आली नसती."

बाबांनी मान हलवली, जसं बाजारात भाव ऐकून हलवतात तशी. बाळ त्याच दिवशी गेलं. त्याला त्याच दुपट्यात गुंडाळून द्यायला लागले तेव्हा बाबांनी ते काढलं आणि आपल्या खांद्यावरच्या शेल्यात त्याला घेतलं. परतीच्या जीपमध्ये ताई तापात डोळे मिटून होती. बाबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "इमल, डाक्टरीन बोलली ते मायले सांगायचं नाई. माय जीव देईन. सुमनलेबी नाई, सुमन मायले सांगीन." आयुष्यात त्यांनी माझ्याशी सलग बोललेलं ते सगळ्यात लांब वाक्य. मी हो म्हटलं. घरी आल्यावर त्यांनी पेटीतल्या सगळ्या डांबरगोळ्या एका फडक्यात बांधल्या आणि नाल्यात फेकून आले. मायला म्हणाले, नको तो वास आता, डोकं दुखते. ती बिचारी म्हणाली, बरं.

मला त्यांचं तेव्हा पटलं होतं. मायची अवस्था पाहिली असती तर कोणालाही पटलं असतं. ती जेवायला वाढायची आणि वाढता वाढता थांबायची, हातात पळी तशीच. गावात एकीनं विहिरीत उडी घेतली होती तसल्याच काहीशा दुःखात. बाबा विहिरीकडे जाणाऱ्या दारात खाट टाकून झोपू लागले.

पण मूल गेलं की लोकांना कारण लागतं. कारण नाही म्हटलं की ते शोधून काढतात. अल्लीपूरच्या विहिणीनं शोधलं. मूल जन्मलं तेव्हा धडधाकट होतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं. त्यानं दुसरं काय घेतलं पोटात? आईचं दूध. दूध पिऊनच पिवळं पडलं. म्हणजे दूध नासकं. सुमनताई सासरी गेली तेव्हा तिचं दूध अजून आटलं नव्हतं. सासूनं वाटीत काढायला लावलं आणि त्यात मुंगी टाकली. मुंगी मेली. झालं, पुरावा मिळाला. अहो, मुंगी दुधात बुडणार नाही तर काय पोहून काठाला लागणार? पण घरातल्या चार बाया वाटीभोवती बसल्या होत्या, चौघींनी पाहिलं, आणि गावभर झालं. "जहरी दूध," हा शब्द माझ्या बहिणीच्या नावाला चिकटला. लग्नकार्यात लेकुरवाळ्या बाया तिच्याजवळ बसेनात. भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, वाईट नव्हता. पण आईसमोर त्याचं तोंड उघडत नसे.

आणि माय? मायनंही ते मानलं. ताई माहेरी आली की माय तिला कडुनिंबाचा पाला वाटून पाजायची, रक्त शुद्ध व्हावं म्हणून. एकदा जेवताना तिला सरळ म्हणाली, "आंबट खाल्लं असशीन तू. मी सांगतलं होतं, बाळंतपनात आंबट नको खाऊ. चोरून खाल्लं असशीन." ताईच्या ताटात अश्रू पडले. "नाई खाल्लं वं माय," एवढंच ती म्हणाली. बाबा समोर बसून जेवत होते. त्यांचा घास हातात थांबला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी घास तोंडात घातला.

त्या दिवशी मला त्यांचा पहिल्यांदा राग आला. अजून आहे थोडा.

आजही मी कोणाच्या बारशाला गेले की बाळाला उचलते आणि आधी त्याचं दुपटं नाकाला लावते. लोकांना वाटतं, आजी लाडानं वास घेते. घेऊ दे वाटून.

ताई पुन्हा पोटुशी राहिली. दुसरं बाळंतपण सासरी. मुलगी झाली, सांगावा आला. मायनं अल्लीपूरला जाणं सोडलं होतं. विहिणीनं एकदा तिच्या देखत ताईला बोलून घेतलं तेव्हापासून ती म्हणायची, बारशालाच जाईन, तोंड दाखवून परत. पण कपडे तिनं शिवले होते. बाबा नको म्हणत असतानाही. ते गाठोडं घेऊन बाबा आणि मी एसटीनं निघालो. थांब्यावर बाबांनी गाठोडं सोडलं आणि एकेक लंगोट नाकाशी नेला. नुसता साबणाचा वास होता. घडी घालून पुन्हा बांधलं.

ताई परसदारच्या खोलीत एकटी बसली होती. चोळी पुढून ओली, छातीवर फडकं घट्ट आवळून बांधलेलं, अंगात ताप. पोरगी तिच्याजवळ नव्हती. ओसरीवर ताईची जाऊबाई पोरीला बकरीचं दूध बोंडल्यानं पाजत होती. बोंडलं म्हणजे कापडाची वात, दुधात बुडवून बाळाच्या तोंडात धरायची. पोरगी ती वात चोखायची, थकायची, अर्धं दूध ओघळून मानेत जायचं. पोरगी वाळली होती. कातडीच्या सुरकुत्या पडलेल्या, म्हातारीसारख्या. तिच्या आवाजात जोर नव्हता. आणि भिंतीपलीकडे तिची आई दूध आवळून बसलेली.

मी ताईजवळ बसले. ती म्हणाली, "इमल, पोरगी रडली का दूध आपोआप वाहते वं. मी कान झाकून घेतो." पोरींना आमच्याकडे 'मी घेतो' म्हणायची सवय असते, पुरुषासारखी. मग तिनंच विचारलं, "खरंच माह्या दुधात काई असन का? तू तं दवाखान्यात होती. डाक्टर काई बोलली होती का?"

मी उठून बाहेर ओसरीवर आले आणि बाबांच्या शेजारी बसले. त्यांना बसायला पाट दिला होता, पुढे चहा होता. ताईची सासू, आमची विहीण, समोर पाट घेऊन बसली होती. ती तशी दुष्ट बाई नव्हती. नातवाच्या मरणानं तिलाही चटका बसला होता, आणि ही दुसरी हातची जाऊ नये एवढंच तिला हवं होतं. "इवाईबुवा," ती बाबांना म्हणाली, "तुमाले वाटत असन मी सुनेले छळून राह्यली. पन एक गेलं. दुसरं कसं देऊ तिच्या हाती? तुमीच सांगा."

बाबांनी चहा संपवला. कप खाली ठेवला. "येतो मंग," म्हणाले आणि उठले.

मी उठले नाही.

ते दारापर्यंत गेले, वळले. "इमल, चाल. एसटी जाईन."

मी ओसरीच्या खांबाला टेकून बसले ती बसलेच. बोलले काही नाही. मी त्यांना वचन दिलं होतं, आणि वचन मोडायचं नाही एवढं त्यांनीच शिकवलं होतं. पण बसायचं नाही असं वचन दिलं नव्हतं. जाऊबाईच्या मांडीवर पोरगी वात चोखत होती, आणि तो आवाज, चुटूक, चुटूक, मग थांबलेला, सगळ्या ओसरीवर ऐकू येत होता. बाबा माझ्याकडे पाहत राहिले. मग पोरीकडे पाहिलं. मग परत येऊन पाटावर नाही, खाली जमिनीवर बसले.

"ईनबाई," ते म्हणाले, "दूध चांगलं हाय माह्या पोरीचं. दुधाचं काई नाई. ते पोरगं आमच्या घरच्या कपड्यानं गेलं." आणि मग त्या न बोलणाऱ्या माणसानं सगळं सांगितलं. डांबरगोळ्या, झड, शेगडी, डॉक्टरीणबाई. अडखळत, मधे मधे थुंकी गिळत. "कोनाची चूक नोती. पन दूध नोतं ते. हे पोरगी जाऊ नका देऊ. पाजू द्या तिले."

विहीण पाटावरून पुढं सरकली. "हे तुमाले कधीपासून ठाऊक?"

"तवापासून."

तिनं तोंडावर पदर घेतला. मग उठली, जाऊबाईच्या मांडीवरून पोरगी घेतली आणि परसदारी गेली. थोड्या वेळानं आतून ताईचं रडणं आलं, मोठ्यानं, गळा काढून. मग ते थांबलं. पोरीचं रडणंही थांबलं.

अल्लीपूरचा माणूस वडनेरच्या बाजारात येतोच. बाबांना ते कळत होतं. बाजार दोन दिवसांवर होता. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी माय मागच्या अंगणात तारेवर कपडे टाकत होती तेव्हा ते तिच्याकडे गेले. मी न्हाणीत भांडी घासत होते, मला सगळं ऐकू आलं. त्यांनी काल सांगितलं तसंच सांगितलं, त्याच शब्दांत. वाटेत पाठ केल्यासारखं.

माय वळलीच नाही. तिच्या हातात ओलं लुगडं होतं, त्याचं पाणी तिच्या पायावर गळत होतं. मला वाटलं आता ही खाली बसेल, आता ओरडेल. मी विहीर आणि ती यांच्यामध्ये जाऊन उभी राहिले.

"पोरगी पेते का आता?" तिनं विचारलं.

"पेते," बाबा म्हणाले. "आमी निघालो तवा पेऊन झोपली होती."

तिनं लुगडं तारेवर टाकलं. टोकं सारखी केली. मग त्यांच्याकडे वळली, आणि नेहमी मोठ्यानं बोलणारी माझी माय इतक्या हळू बोलली की मला पुढं सरकावं लागलं.

"तुमी मले वाचवलं."

"तू जीव देला असता," बाबा म्हणाले.

"देला असता तं देला असता. म्या मारलं, मले मरू द्याचं होतं. माह्या पोरीच्या दुधात मुंग्या टाकल्या लोकायनं. मीबी तिले बोलली. आंबट खाल्लं म्हून बोलली. तुमी समोर बसले होते. तुमी जेवून राह्यले होते."

बाबांनी जे केलं ते तिच्यासाठीच केलं होतं, तिच्यावरच्या जिवापाड मायेनं केलं होतं, आणि ती ते जाणत होती. म्हणूनच तर.

दुपारच्या एसटीनं माय एकटी अल्लीपूरला गेली. ताईपुढे काय बोलली मला माहीत नाही, ताईनं कधी सांगितलं नाही. ती पोरगी जगली. आज ती स्वतः आजी आहे. माय परत आली, चूल पेटवली, स्वयंपाक केला. जीव दिला नाही. पुढं कितीतरी वर्षं जगली, पुन्हा मोठ्यानं बोलायला लागली, शेजारणींशी, गड्यांशी, आमच्याशी. बाबांशीही बोलायची, लागेल तेवढं. पण त्यांच्यासमोर बसून तिनं पुन्हा कधी वाढलं नाही. त्यांचं ताट वाढून, झाकून, चुलीजवळ ठेवायची आणि अंगणात जायची. बाबा येत, झाकण काढत आणि मान खाली घालून एकटे जेवत. आम्ही मुलींनी वाढायला हात पुढे केला तर म्हणत, "राहू दे." ते गेले त्या सकाळीही चुलीजवळ त्यांचं ताट झाकलेलं होतं, आणि आम्ही कोणी ते उचलायच्या आधी माय आली, ताटाशी बसली, आणि झाकण न काढता खूप वेळ तशीच बसून राहिली.